सहा लाख परत पाठवले आहेत

पुणे, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तेच सांगून टाकते. जुनं रोलेक्स घड्याळ गुंतवणूक म्हणून घ्यायला तुम्ही पाठवलेले सहा लाख काल दुपारी तुमच्या खात्यावर परत पाठवले आहेत. ते रोलेक्स मी घेतलेलं नाही, आणि ते विकणाऱ्या माणसाला तसं कळवूनही झालं. तुम्हाला न विचारता केलं याचं वाईट वाटतंय. फोनवर सांगायला धीर झाला नाही, म्हणून पत्र. रागवा, पण सगळं वाचून झाल्यावर रागवा.

सुरुवात माझ्याकडूनच झाली. अठराशेला घेतलेलं एचएमटी पायलट घड्याळ आता साडेतीन हजाराला मागतात, हे दिवाळीत मी फराळ करता करता बोलून गेले, आणि तुम्ही ‘दुप्पट’ तेवढं धरलंत. उरलेलं अर्धं तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या अठराशेवर सर्व्हिसिंगचे नऊशे आणि काच-पट्ट्याचे साडेचारशे गेले होते. साडेतीन हजार ही मागणाऱ्याची किंमत. हातात तीन आले तरी पुष्कळ. यात ‘दुप्पट’ कुठेच नाही. उलट दीडशे खिशातूनच जातील, आणि मी ते विकणारही नाही.

त्या माणसाने तुम्हाला सांगितलं ते सगळंच खोटं नव्हतं. स्टीलच्या रोलेक्सच्या काही मॉडेलना दुकानात नंबर लावावा लागतो हे खरं. पण जुन्या बाजारातले भाव २०२२च्या सुरुवातीला टोकाला गेले आणि मग बराच काळ उतरत राहिले, हे त्याने गाळलं. तेव्हा ‘गुंतवणूक’ म्हणून घेणारे वरच्या भावाला अडकले. घड्याळ व्याज देत नाही, भाडं देत नाही. सहा लाखांना घेतलेलं आठवड्याने त्याच दुकानात विकायला न्या, तो पाच-सव्वापाचच्या वर जाणार नाही, कारण त्याचं पोट त्या फरकावर आहे. म्हणजे आधी भाव पंधरा-वीस टक्के चढायचा, तेव्हा कुठे आपण शून्यावर. सुमारे दहा वर्षांनी सर्व्हिसिंग येतं, त्याचं बिल पाच आकडी. शिवाय ते लॉकरमध्ये ठेवायचं, म्हणजे बघायचंही नाही.

कराचंही तसंच. स्वतः वापरायचं घड्याळ विकलं तर ती वैयक्तिक वापराची वस्तू धरतात आणि भांडवली नफ्याचा कर लागत नाही. हिरे-माणकं जडवलेली असली तर मात्र तो दागिना होतो. पण लॉकरमध्ये पडून असलेल्या घड्याळाला ‘वापरायचं’ कसं म्हणणार?

त्याने पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. घड्याळाच्या केसचे, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाचे कान, जिथे पट्टा अडकतो ते, कडेला गोल झाले होते. पुन्हा पुन्हा पॉलिश केलं की धातू झिजतो आणि मूळ धारदार कड जाते. ती परत आणता येत नाही, आणि संग्राहक किंमत पाडतात ती तिथेच. वॉरंटी कार्डवरचा नंबर आणि काचेच्या आतल्या कडेवर कोरलेला नंबर एका फोटोत शेजारी दाखव म्हटलं, तर तो फोटो काही आलाच नाही. बाबा, तुम्ही फसला असता असं मला म्हणायचं नाही. तुम्ही आप्पाकाकांनाही तेव्हा वेळेवर थांबवलं होतंत. फक्त हा माल ओळखायला रोज बघावा लागतो.

आता त्या सहा लाखांचं. माझं ऐका आणि ते पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तुमचे तिथे आधीचे पंधरा आहेत, मर्यादा तीसची, म्हणजे जागा आहे. सध्या व्याज ८.२ टक्के. सहा लाखांवर तिमाहीला १२,३०० रुपये, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला आपोआप खात्यात. मुदत पाच वर्षांची. दोन वर्षांनंतर गरज पडून मोडलं तर ठेवीच्या एक टक्का कापतात, त्यापूर्वी जास्त. त्या व्याजात मंगलताईंचे दोन वेळचे पैसे निघतील आणि आईच्या डोळ्यांचे थेंबही. वरच्या मजल्यावर गीझर बसवायचं तर मी पाहते, त्याला या पैशांतून हात लावू नका. आणि आई, हिवाळ्यात चुलीवरचं पाणी बादलीने वर नेणं आता बंद. पुरे झालं.

माझ्या घड्याळांचा हिशेबही मांडते, म्हणजे दादाने सांगितलेला आकडा तुमच्या मनातून जाईल. चार वर्षांत चौदा घड्याळं. खरेदी ३८,६००, दुरुस्ती २१,०००. महिन्याला दोन हजारांची मर्यादा, ती वहीत लिहिलेली आहे आणि एकदाही ओलांडलेली नाही. हप्ते, विमा, तुमच्यासाठी बाजूला काढलेलं, हे सगळं आधी. उरलं तर घड्याळ. हे पैसे परत येतील असं मी धरलेलंच नाही. सकाळी किल्ली दिली आणि ते चालू झालं, की मला बरं वाटतं. त्यापुढे मला काही नको.

चौदाही एचएमटीच आहेत. १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला कारखाना. २०१६मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता नवीन यायची नाहीत म्हणून भाव गगनाला जातील असं लोक म्हणतात. पण ती घराघरांत होती, ड्रॉवरमधून अजून निघतायत. टंचाई आहे ती न रंगवलेल्या, अस्सल तबकडीची. बाजारात ‘मुंबई स्पेशल’ म्हणून जो प्रकार चालतो त्यात जुनं मशीन असतं, वर नवी रंगवलेली तबकडी आणि दुसऱ्याच घड्याळाचे काटे. ओळखायचं कसं? भिंग लावून अक्षरं बघा. मूळ छपाई बारीक आणि कडेला स्वच्छ असते, रंगवलेलीत ‘जनता’ या मॉडेलच्या नावातला काना जाडा होतो आणि रेघ थरथरलेली दिसते. मिनिटांच्या खुणा तासांच्या खुणांशी नीट जुळत नाहीत. भडक निळा-नारिंगी रंग आणि चकाचक चेहरा दिसला की हात मागे घ्यावा. डागाळलेली, पिवळी पडलेली तबकडी मी आनंदाने जास्त पैसे देऊन घेते.

म्हणूनच बाबा, तुमच्या जनताची तबकडी मी रंगवू दिली नाही. हो, ते माझ्याकडेच आहे, दिवाळीत कपाटातून उचललं ते. २०२१च्या पुरानंतर तुम्ही ते तांदळाच्या डब्यात ठेवलं होतंत. तेव्हा कुणालाही तेच सुचलं असतं. पण बंद केसमधला ओलावा तांदूळ ओढत नाही, आणि पुराच्या पाण्यात गाळ असतो. आतलं पोलाद तसंच गंजत राहतं. त्याच दिवशी मागचं झाकण उघडून मशीन पेट्रोलमध्ये धुतलं तरच वाचतं.

घड्याळजींनी उघडलं तेव्हा किल्लीची दांडी गंजून अडकलेली, काटे फिरवायच्या स्प्रिंगचा तुकडा पडलेला, आणि हेअरस्प्रिंगवर, म्हणजे घड्याळाची चाल सांभाळणाऱ्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर, गंजाचे ठिपके. हेअरस्प्रिंग गंजली की ती पुसून उपयोग नसतो, वेळ कधीच स्थिर राहत नाही. नवे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून सातशेला एक मोडकं जनता घेतलं. त्यातही तेच ०२३१ मशीन, १७ ज्वेलचं, म्हणजे सतरा माणकांचं. त्याचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, हेअरस्प्रिंगसकट तुमच्यात बसवला, दांडी आणि ती स्प्रिंगही त्याचीच. मेनस्प्रिंग, म्हणजे किल्ली दिली की गुंडाळली जाते ती, बदलली. सगळं सुटं करून धुतलं, मग बॅलन्सच्या माणकांना पातळ तेल, हळू फिरणाऱ्या चाकांना जाड, किल्लीच्या भागाला ग्रीस. तेल जास्त झालं तर ते पसरून हेअरस्प्रिंगची वेटोळी चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं, म्हणून थेंब सुईच्या टोकाएवढाच. आता टाइमग्राफरवर, म्हणजे चाल मोजायच्या यंत्रावर, तबकडी वर असताना दिवसाला अठरा सेकंद पुढे, बॅलन्सचा झोका २६५ अंश. उभं धरलं की २३०वर येतो. या वयाच्या मशीनला हे उत्तम. चारच्या आकड्याजवळचा डाग तसाच आहे. पलंगावर तुमच्या पोटावर डोकं ठेवून मी त्या डागाला माशी म्हणायचे, आई, आठवतं?

एचएमटीचं ऑटोमॅटिक कांचन घेऊन द्यावं असंही मनात होतं, म्हणजे किल्लीचा त्रास नको. पण ऑटोमॅटिकचं वजन हात हलला तरच फिरतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमचा दिवस खुर्चीत जास्त जातो, ते तात्पुरतंच आहे, फिरायला लागाल. तोपर्यंत ते रात्रीत बंद पडत राहील आणि तुम्हाला उगाच चुकल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा जनताच बरं.

आता नीट ऐका. किल्ली रोज सकाळी चहाच्या आधी, एकाच वेळी. घड्याळ हातातून काढून द्यायची, मनगटावर असताना दिली की दांडीवर तिरका ताण येतो. साधारण पंचवीस वळसे. घट्ट लागलं की थांबायचं, आणखी एक नाही. अंगठा दुखला तर आईने द्यावी, तिच्या बोटांत अजून जोर आहे. काटे पुढेच फिरवायचे. आंघोळीला, हात धुताना, पावसात घालायचं नाही. एचएमटीच्या या केसला पाणी अडवायची सवयच नाही. आतून वाफ धरली तर उन्हात ठेवू नका, मला फोन करा. आईच्या मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरवर किंवा इंडक्शनजवळ ठेवायचं नाही. अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर चुंबकच लागलंय असं समजा. ते उतरवायचं यंत्र माझ्याकडे आहे, दोन मिनिटांचं काम. कपाटात डांबरगोळ्यांच्या डब्यापासून लांब, कारण काच प्लास्टिकची आहे. त्या काचेवर चरे उठले तर कोपऱ्यावरच्या दुकानात ‘नवीसारखं करून दे’ म्हणून अजिबात देऊ नका. तो तबकडीही रंगवून देईल, प्रेमानेच देईल, आणि माझी माशी जाईल.

सिलिका जेलच्या पुड्या आणतेय. चिपळूणच्या पावसात महिन्याने रंग बदलतात, मग तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरायच्या. तव्यावर ठेवून शेजारी गप्पा मारायला जायचं नाही, आई.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. पोस्टाचा अर्ज भरून आणते, बाबांनी फक्त सही करायची. पॅन आणि आधारची प्रत काढून ठेवा, दोन फोटोही. काही आणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची,
चिमी

ता. क. त्या माणसाचा फोन येईल, ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका बाबा, तुमचं बीपी वाढतं. माझा नंबर द्या आणि ठेवून द्या.