इंटरनेट बंद पडले म्हणून फॉरमॅट कशाला?

संपादक महोदय,

व्हायरस सापडतो, अँटिव्हायरस तो पुसतो आणि त्याच दिवशी घरच्या संगणकाचे इंटरनेट बंद पडते. वायफायचे चिन्ह जागेवर असते, त्याच वायफायवर मोबाइल व्यवस्थित चालतो, पण संगणकावर एक पान उघडत नाही. दुकानात नेल्यावर बहुधा एकच उत्तर मिळते: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रकल्प सगळे पणाला लावणारा हा उपाय बहुतेक वेळा अनावश्यक असतो. व्हायरसने विंडोजच्या काही सेटिंग्ज बदललेल्या असतात. अँटिव्हायरस व्हायरसची फाइल काढतो, पण त्या सेटिंग्ज पूर्ववत करतोच असे नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहावे. मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे नेट संगणकाला द्यावे. तरीही पान उघडत नसेल तर राउटर आणि केबलवाला दोघेही निर्दोष, दोष संगणकातच आहे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत) ‘पिंग ८.८.८.८’ द्यावे (आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत). पिंग म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येते का ते पाहणे, आणि हा आकडा म्हणजे गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता. उत्तर आले तर त्याच पद्धतीने एखाद्या संकेतस्थळाचे नाव पिंग करावे. आकड्याला उत्तर येते पण ‘होस्ट सापडला नाही’ असा संदेश नावाला मिळतो, तेव्हा घोळ डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा. दोन्हींना उत्तर येते, तरी ब्राउझर ढिम्म, तर संशय प्रॉक्सीवर, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थावर.

सर्वात जास्त वेळा सापडते ती प्रॉक्सीच. ब्राउझरमधील सगळी ये-जा आपल्या हातून जावी म्हणून व्हायरस संगणकातच एक छुपा प्रोग्रॅम बसवतो आणि प्रॉक्सीचा पत्ता १२७.०.०.१ असा लिहून ठेवतो. १२७.०.०.१ म्हणजे हाच संगणक. अँटिव्हायरस तो प्रोग्रॅम काढतो, पत्ता तसाच राहतो. मग भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीचे दार वाजवत बसावे तशी ब्राउझरची गत होते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे प्रॉक्सी उघडावे. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ आणि ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ ही दोन्ही बटणे बंद करावीत. अनेक जण पहिलेच बंद करतात आणि फरक पडला नाही म्हणून सोडून देतात. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र प्रॉक्सी खरीच असू शकते, तिथे हात लावू नये.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर तोच पत्ता परत दिसला, तर व्हायरस अजून जिवंत आहे. पुढची दुरुस्ती थांबवून विंडोज सिक्युरिटीमधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावे. त्यात संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. सुमारे १५ मिनिटे लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही व्हायरस काढण्याची मोफत साधने आहेत. ती दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावीत.

डीएनएसचा दोष जुनाच आहे. ‘डीएनएसचेंजर’ या व्हायरसने जगभरात सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस बदलले होते. एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये त्यामागची टोळी पकडली, पण तिचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर या सगळ्यांचे नेट गेले असते. म्हणून तिथे स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. घरी तपासायचे तर रनमध्ये (विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून) ‘एनसीपीए.सीपीएल’ (ncpa.cpl) टाइप करावे, आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी आवृत्ती ४ आणि ६ दोन्ही उघडून डीएनएस ‘ऑटोमॅटिकली’ वर ठेवावे. मोबाइलवरही भलतीच पाने उघडत असतील तर राउटरमधलाच डीएनएस बदललेला आहे. तो दुरुस्त करून राउटरचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा.

एखाद-दुसरेच संकेतस्थळ, त्यातही अँटिव्हायरस कंपनीचे, उघडत नसेल तर होस्ट्स फाइल पाहावी. संकेतस्थळांची नावे आणि त्यांचे पत्ते संगणक आधी या फाइलमध्ये पाहतो. ती सिस्टिम३२ मधील ड्रायव्हर्स, त्यातील ईटीसी फोल्डरमध्ये असते. मूळ फाइलमधील प्रत्येक ओळ # ने सुरू होते. # नसलेल्या, कुणी मुद्दाम न घातलेल्या ओळी काढाव्यात.

एवढ्याने भागले नाही तर विनसॉक, म्हणजे प्रोग्रॅमना नेटवर्कशी जोडणारा विंडोजचा भाग. प्रोग्रॅम आणि नेटवर्क यांच्यामधल्या साखळीत व्हायरस आपली कडी घालतो. कडीची फाइल पुसली की साखळी तुटते: आयपी पत्ता मिळतो, पण प्रोग्रॅमना बाहेर संपर्क साधता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ (netsh winsock reset), मग ‘नेटएसएच इंट आयपी रिसेट’ (netsh int ip reset) द्यावे आणि संगणक रिस्टार्ट करावा. रिस्टार्ट न करता ‘काही झाले नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. हाताने भरलेला आयपी पत्ता या आज्ञांनी पुसला जातो, म्हणून आधी ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. व्हीपीएन नंतर कदाचित पुन्हा बसवावे लागेल.

काही व्हायरस ‘बेस फिल्टरिंग इंजिन’सारख्या (फायरवॉल ज्यावर चालते ती) विंडोजच्या सेवाच उडवतात. सर्व्हिसेसच्या यादीत तिचे नावच नसेल तरी फॉरमॅट नको. त्याच आवृत्तीच्या विंडोजची आयएसओ फाइल (सेटअपची पूर्ण प्रत असलेली एकच फाइल) ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर आणून, विंडोज चालू असतानाच तिच्यातला सेटअप चालवावा आणि ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडावा. सेवा परत येतात, डेटा जागेवर राहतो. तरी आधी बॅकअप घ्यावाच. रूटकिट, म्हणजे विंडोजच्या मुळाशी दडून बसणारा व्हायरस, निघतच नसेल, तेव्हा मात्र फॉरमॅटला इलाज नाही.

या सगळ्यात राउटरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी घालायचा मोह टाळावा. त्याने केबलवाल्याने भरलेले इंटरनेट जोडणीचे (पीपीपीओई) युजरनेम-पासवर्ड पुसले जाऊ शकतात आणि मग घरातल्या सगळ्यांचेच नेट जाते. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मात्र बदलावेत, तेही या संगणकावरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून.

– संगणक दुरुस्तीच्या कामातील काही वाचक