टोकन घेऊ नकोस

गिरगाव, मुंबई

चि. मिलिंद,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा एजंट गिऱ्हाईक घेऊन दारात उभा. चहा दिला, घर दाखवलं नाही. फोनवर आवाज चढेल म्हणून लिहिते. घराच्या विक्रीचं टोकन घेतलं नाहीस ना?

नॉमिनी तू आहेस, खरंय. पण नॉमिनी सोसायटीच्या दप्तरापुरता, मालकी वारसांची. ह्यांनी मृत्युपत्र केलं नाही, म्हणून १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तू, शुभा आणि मी, म्हणजे मुलगा, मुलगी आणि बायको, तिघांना सारखा हिस्सा. (आजी ह्यांच्या आधी गेल्या, नाहीतर चौथा त्यांचा असता.) आणि हिस्सा अविभक्त. बेडरूम तुझी, हॉल शुभाचा असं नसतं.

तुझा हिस्सा तू विकू शकतोस, पण कलम २२ प्रमाणे आधी आम्हाला विचारायचं. किंमत जुळली नाही तर कोर्ट ठरवतं. बाहेरच्याने घेतला तरी कुटुंबाच्या राहत्या घरात त्याला आमच्यासोबत ताबा मागता येत नाही. तो वाटपाचा दावा लावणार, आणि तिथेही १८९३ च्या वाटप कायद्याखाली कोर्टाच्या किमतीला त्याचा हिस्सा शुभा मागू शकते. म्हणून अशा हिश्शाला कोणी भाव देत नाही. एजंट हे कशाला सांगेल? टोकन घेतलं असशील तर लपवू नकोस.

झालं माझं व्याख्यान सुरू. निबंधक कार्यालयातल्या नोकरीची खोड, रागावू नकोस.

तिघांनी मिळून विकायचं तर करार एक, सह्या तीन, चेक तीन, कर ज्याचा त्याने भरायचा. नाहीतर शुभाला हक्कसोडपत्र दे. त्यात ‘इतर सहमालकांच्या लाभात’ असं मोघम नको, तिचं नाव हवं. पैसे घेणार असलास तर रक्कम आणि चेक नंबर दस्तातच. नुसत्या नोटरीने भागत नाही, सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला लाव.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून ठेवलंय. मागच्या बाजूला हस्तांतराचे रकाने कोरेच आहेत. त्याच फाइलला तुझा दहावीचा निकाल टाचलाय, ह्यांनीच. पिन गंजली तरी काढवत नाही. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्याला एक तृतीयांश समजावायला लागतोय!

शुभाशी भांड, पण कागदावर भांडू नकोस. टोकन घेतलं असेलच तर पावतीचा फोटो आजच पाठव. त्यावर ‘संपूर्ण फ्लॅट’ लिहिलंय का, तेवढं आधी बघते.

तुझी,
आई