मिनीडीव्ही कॅसेट उतरवताना

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

लग्नामुंजीच्या जुन्या मिनीडीव्ही (हँडीकॅमच्या छोट्या) कॅसेट यूएसबी कॅप्चरच्या स्वस्त तुकड्याने संगणकावर उतरवून दिल्या जातात, हे थांबायला हवे. कॅसेटवरचे चित्रण मुळात डिजिटल असते. कॅमेऱ्याच्या पिवळ्या व्हिडिओ पिनेतून काढले की ते आधी ॲनालॉग होते आणि तपशील कायमचा जातो. फायरवायर या डिजिटल केबलने ते जसेच्या तसे येते. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, जागा सुमारे १३ जीबी. वायर जोडताना कॅमेरा व संगणक दोन्ही बंद ठेवावेत, नाहीतर पोर्ट जळू शकते. कॅसेटची खिटी आधी ‘सेव्ह’कडे सरकवावी, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. चित्रात ठोकळे दिसले तर कॅमेऱ्याचे हेड (टेप वाचणारा भाग) साफ करून तेवढा भाग पुन्हा घ्यावा.

खरी गफलत फ्रेमरेटची. आपले पाल (भारतातील व्हिडिओ पद्धत) चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचे, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे), म्हणजे हालचालीचे ५० क्षण. डीइंटरलेस करून (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवून) २५ फ्रेम ठेवल्या की वरातीतला नाच अडखळतो. ५० ठेवाव्यात, आणि फील्डचा क्रम ‘लोअर फील्ड’ (खालच्या ओळींचे) आधी असा निवडावा. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकल्यास सेकंदाला ५ फ्रेम दुहेरी होतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या पद्धतीच्या, सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या, त्यांचा प्रोजेक्ट वेगळाच करावा. मूळ डीव्ही फाइल मात्र ग्राहकाला द्यावीच.

– एक व्हिडिओ संकलक, नाशिक