ओटीपी न देताही पैसे जातात, त्याचं काय?

महोदय,

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही सूचना आता पेपरात, रेडिओवर, बँकेच्या भिंतीवर, सगळीकडे आहे. सल्ला बरोबरच आहे. पण त्यातून एक गैरसमज पक्का झाला आहे, की पैसे गेले म्हणजे ग्राहकानेच ओटीपी दिला असणार. ग्राहकालाही तसंच वाटतं आणि काउंटरपलीकडच्या माणसालाही. माझी सगळी नोकरी त्या काउंटरपलीकडे गेली, म्हणून हे पत्र.

देशातल्या संकेतस्थळांवर कार्डाने पैसे भरायला एरवी ओटीपी लागतो. परदेशातली अनेक संकेतस्थळं तो मागतच नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे, एवढ्यावर व्यवहार होतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या फोनवर मध्यरात्री एक डॉलर वजा झाल्याचा मेसेज आला आणि पाठोपाठ मोठ्या रकमांचे. चोर आधी चिल्लर कापून कार्ड चालू आहे का ते बघतो, ही जुनी रीत आहे. न मागता आलेला ओटीपी किंवा ‘व्यवहार नाकारला’ असा मेसेज हीसुद्धा तशीच खूण; पैसे गेले नाहीत म्हणून तो पुसून टाकू नये. सकाळी त्या शाखेत गेल्या, तर उत्तर मिळालं, “काकू, दिला असेल हो ओटीपी कुणाला तरी. साहेब रजेवर आहेत, सोमवारी या.”

हे ‘सोमवारी या’ फार महागात पडू शकतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, पैसे तिसऱ्याच कुणी काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याच्यावर एक रुपयाचाही बोजा येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ बसते. त्यापुढे बँकेचं धोरण काय म्हणेल ते. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची, हेही त्यातच आहे. आणि मुख्य म्हणजे, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. ‘दिला असेल हो’ हा पुरावा होत नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षीच्या डिसेंबरात असंच परिपत्रक निघालं. आपल्याकडे अनेकांचा पैसा अशाच बँकांत असतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

समजा खरोखरच कुणी ओटीपी देऊन बसला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याचा बोजा बँकेवर. त्यामुळे लाजेपोटी घरात लपवून ठेवण्यात नुकसानच आहे.

मेसेज दिसताक्षणी ॲपवरून किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरावर कार्ड बंद करावं. नंबर गूगलवर शोधू नये, तिथे चोरांनीच आपले नंबर पेरलेले असतात. मग १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावावा. तिथे तक्रार लवकर गेली तर पुढच्या खात्यात पोचलेले पैसे गोठवता येतात. बँकेला लेखी द्यावं आणि पोच घेतल्याशिवाय हलू नये, शिक्का, तारीख, वेळ सगळं हवं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आणि परदेशी व्यवहार करायचेच नसतील, तर ॲपमध्ये ते बटण बंद ठेवावं. ही सोय बँकांनी २०२० पासून देणं बंधनकारक आहे, पण शाखेत कुणी आपणहून सांगत नाही.

माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. त्याच २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे, की व्यवहाराचा जो मेसेज येतो त्यालाच उत्तर पाठवून ग्राहकाला हरकत घेता आली पाहिजे, त्यासाठी वेगळा पत्ता शोधावा लागू नये. माझ्या फोनवर येणाऱ्या मेसेजना उत्तर जातच नाही. खाली एक लांबलचक नंबर असतो, तो लावला की ‘हिंदीसाठी दोन दाबा’पासून सुरुवात. सत्तरीच्या माणसाने मध्यरात्री चष्मा शोधून हे सगळं करायचं आणि वर उशीर झाला म्हणून त्याचंच कापायचं!

पासबुकाच्या मागच्या पानावर विम्याच्या जाहिरातीला जागा मिळते. त्याच पानावर मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात, तीन दिवसांचा नियम आणि कार्ड बंद करण्याचा नंबर छापावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत सर्व बँकांकडे करतो. तोपर्यंत शाखाधिकाऱ्यांनी रजेवर जाताना तक्रार अर्जावर शिक्का मारायचे अधिकार तरी मागे कुणाला देऊन जावेत.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा