उस्ताद, तुम्ही आमचे पाय बघितलेत

आदरणीय उस्ताद,

राम राम.

मागच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तुमचा फोन आला होता. फौजेची पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेवर गेली, मशीन अंगठा घेत नाही, आता काय करू, असं विचारलंत. चेहरा दाखवून दाखला करता येतो हे मी सांगितलं, तुमच्या नातवानं मोबाईल धरला आणि काम झालं. फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "तुला उगाच त्रास दिला रे." उस्ताद, ते शब्द ऐकले आणि मला राहवेना. तुमचं माझ्याकडे किती येणं आहे, ते तुम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही असं दिसतं. मी तरी नाही सांगितलं.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावरही पाठवता आलं असतं. पण बेळगावच्या फौजी ट्रेनिंग सेंटरमध्ये तुमच्या हाताखालून गेलेली पोरं आता साऱ्या महाराष्ट्रात पसरलीत. कुणी बँकेत गार्ड आहे, कुणी शेती करतो, कुणी सरपंच झाला. त्यांच्याही नजरेखालून हे जावं. आणि आमच्या खटाव-माणच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात भरतीसाठी पळणारी पोरं असतात, त्यांनीही वाचावं.

1988 साली मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रंगरूट, म्हणजे नवा भरती झालेला शिपाई, म्हणून आलो, तेव्हा तुम्ही नाईक होता, आम्हाला शिकवणारे उस्ताद. पहिल्याच आठवड्यात नव्या अँकल बुटांनी टाचा सोलून काढल्या. बेळगावचा पाऊस असा की मोजे दोन-दोन दिवस वाळत नसत. फोड आलेत हे सांगायची हिंमत कुणातच नव्हती. सांगितलं तर कामचोर म्हणतील, घरी पाठवतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही भीती. मी लंगडत ड्रिल करायचो आणि लंगडणं लपवायला दात-ओठ खायचो.

त्या रात्री रोल कॉलनंतर तुम्ही टॉर्च घेऊन बॅरेकमध्ये आलात. "पाँव दिखाओ." आम्हाला वाटलं, आता शिक्षा. आम्ही खाटांवर बसून पाय पुढे केले, आणि तुम्ही एकेकासमोर उकिडवे बसलात. दिवसभर ज्यांच्या आवाजानं आमचा थरकाप उडायचा ते उस्ताद माझी टाच हातात घेऊन बघत होते. माझ्या आईनंतर माझा पाय असा कुणी हातात धरला नव्हता.

मग तुम्ही शिकवलंत. फोड फोडायचा नाही. नख सरळ कापायचं, कोपऱ्यात खोल जायचं नाही. बोटांच्या मधली जागा कोरडी पाहिजे, पावडर तिथं लावायची. मोजे वाळत नसतील तर रात्री छातीशी घेऊन झोपायचं, अंगाच्या उबेनं सकाळपर्यंत सुकतात. बूट घेताना जाड मोज्यावर घालून बघायचा. आणि तुमच्या रत्नागिरीकडच्या घरून आलेला कोकमाच्या तेलाचा तो गोळा! पातेलीत जरासा गरम करून आमच्या टाचांच्या भेगांना लावायचात. आम्ही घाटावरची पोरं, कोकमाचं तेल कधी पाहिलेलंही नव्हतं.

सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती वेगळीच. दुखतंय म्हणणाऱ्या रंगरुटाला तुम्ही चारचौघांत कधी बहाणेबाज म्हणाला नाहीत. शंका आलीच तर बाजूला घेऊन विचारायचात. हे माझ्या लक्षात फार नंतर आलं, मी स्वतः सेक्शन कमांडर, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीचा प्रमुख, झाल्यावर. जवान दुखणं सांगायला घाबरला की तो ते लपवतो, आणि लपवलेलं दुखणं त्याच्यासोबत साऱ्या सेक्शनला धोक्यात घालतं.

पावसानं परेड रद्द झालेल्या एका दुपारी तुम्ही नामदेव जाधवांची हकिकत सांगितलीत. आपल्याच रेजिमेंटचे, नगर जिल्ह्याचे शिपाई. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. आम्हाला पाठ होतं ते एवढंच की त्यांनी एकट्यानं जर्मनांच्या मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या आणि बांधावर चढून 'शिवाजी महाराज की जय'ची गर्जना केली, त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुम्ही विचारलंत, त्याआधी त्यांनी काय केलं? कुणालाच सांगता येईना. त्याआधी त्यांनी जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून गोळीबारात उचलून सुरक्षित जागी आणलं होतं. "आधी माणूस उचलला, मग चौकी घेतली," एवढंच बोलून तुम्ही पुढच्या तासाला घेऊन गेलात.

कसम परेडला माझे वडील आले होते. धोतर, पागोटं, पायात टायरच्या वहाणा. मी त्यांची तुमच्याशी ओळख करून दिली. तुम्ही त्यांच्या पाया पडलात, आणि उठताना त्यांच्या टाचांच्या भेगा तुमच्या नजरेतून सुटल्या नाहीत. संध्याकाळी कागदात बांधलेला कोकमाच्या तेलाचा तुकडा त्यांच्या हातात दिलात. वडील तो पुढे कितीतरी दिवस जपून वापरत होते. 'तुझ्या उस्तादाचं तेल' म्हणायचे.

पुढची पलटणीतली वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत तशीच गेली. काश्मीर, ईशान्येतला पाऊस आणि जळवा, वाळवंट, मधूनमधून शांततेची ठाणी. त्यातलं सियाचीन सांगायला पाहिजे, कारण तिथं तुम्ही माझ्यासोबत होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची पलटण वर गेली. मी तेव्हा सेक्शन सांभाळत होतो. वर जायच्या आधी शरीराला सवय करतात, पहिला टप्पा सहा दिवसांचा, पुढचे दोन चार-चार दिवसांचे. त्यानंतर दोरानं एकमेकांना बांधून बर्फावरून चालत चौकीपर्यंत. 13 एप्रिल 1984 ला सियाचीनची 'मेघदूत' मोहीम सुरू झाल्यापासून तिथं शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानानंच जास्त जवान नेलेत. 2003 च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी झाली, तोफा थांबल्या. थंडीचं काही बदललं नाही. हिवाळ्यात पारा उणे पन्नासच्या खाली जातो. तिथं ओल्या मोज्यात काढलेली एक रात्र बोटं घेऊन जाऊ शकते. बधिर झालेलं बोट सिगडीवर धरलं तर कळत नाही आणि भाजतं. चोळलं तर कातडी सोलून येते. कोमट पाण्यात ऊब द्यायची, हाच उपाय.

मी रोज संध्याकाळी फायबरच्या हटमध्ये सगळ्यांचे पाय बघायचो. केरोसीनच्या धुरानं तोंडं काळी झालेली, डोळे चुरचुरत असलेले, आणि मी प्रत्येकासमोर उकिडवा बसलेला. पहिल्यांदा पोरं संकोचली, मग आपणहून बूट काढून बसू लागली.

सांगलीकडचा एक कोवळा शिपाई होता, सर्वांत हसरा. त्या संध्याकाळी त्याची पाळी आली. पाय ठणठणीत, बोटं गुलाबी, नखं सरळ कापलेली. पण बूट काढायला तो वाकला आणि एवढ्यानंच त्याला धाप लागली. दोन्ही बूट काढेपर्यंत मध्ये थांबला. मी शेजारच्याला विचारलं तेव्हा कळलं, रात्री खोकतो आणि आडवा न होता बसूनच झोपतो. डोकं दुखतंय हेही त्यानं लपवलं होतं. खाली पाठवतील, साथीदारांना वाटेल पळाला, म्हणून. फुप्फुसात पाणी भरायला लागल्याची ती लक्षणं होती, ज्याला आपण हापो म्हणतो.

रेडिओवर डॉक्टरांशी बोललो. अंधार पडला होता, हेलिकॉप्टर सकाळशिवाय येणं शक्य नव्हतं. त्याला ऑक्सिजन लावला, हापो बॅगमध्ये ठेवला. त्या बॅगेत हवा भरत राहावी लागते, म्हणजे आतला दाब वाढून माणूस जणू काही हजार फूट खाली उतरतो. रात्रभर आम्ही पाळीपाळीनं पंप मारला. त्या उंचीवर दोन-चार मिनिटं पंप मारला तरी छाती फुटायला येते. उजाडताच चीता हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं. तो वाचला. आज त्याचं गावात किराणा दुकान आहे, मुलगी कॉलेजात शिकते. तो मला प्रत्येक दसऱ्याला फोन करून आभार मानतो, आणि दर वेळी मला वाटतं की हा फोन चुकीच्या माणसाला येतोय. मी छाती तपासायला बसलोच नव्हतो. मी पाय बघत होतो, कारण तुम्ही बघायचात.

2016 च्या 3 फेब्रुवारीला सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, मद्रास रेजिमेंटच्या चौकीवरचे दहा जण गाडले गेले. त्यात आमच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा सुनील सूर्यवंशी होता. नर्सिंग असिस्टंट, म्हणजे बाकीच्यांची छाती आणि पाय बघणारा. त्याच वर्षी मी सुभेदार म्हणून पेन्शन आलो. सत्काराचे हारतुरे चालू होते आणि माझ्या मनात तोच पोरगा होता.

आता वडिलांबद्दल. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही.

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि सीमेवर फौज उभी करायची 'पराक्रम' मोहीम सुरू झाली. आम्ही राजस्थानच्या सीमेवर. दहा महिने फौज तिथं उभी होती, आज युद्ध होईल, उद्या होईल. सुट्ट्या बंद, मग थोड्या थोड्या चालू. वडिलांना साखरेचा आजार होताच. त्या उन्हाळ्यात रानात बाभळीचा काटा पायात गेला. साखरेनं पायाची जाणीव गेलेली, त्यांना कळलंही नाही. जखम चिघळली, काळी पडली. डॉक्टरांकडे नेईपर्यंत उशीर झाला आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. घरच्यांनी मला यातलं काही कळवलं नाही. पोरगा सीमेवर आहे, त्याच्या डोक्याला घोर नको, असं वडिलांनीच बजावून ठेवलं होतं. एसटीडी बूथवरून फोन केला की सगळं बरं आहे म्हणायचे. फौजीच्या घरात ही रीत घरोघरी आहे, तुम्हाला मी काय सांगावं.

सुट्टीवर आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी पायावर चादर ओढून घेतली.

मी घरी असतो तर तो काटा पहिल्याच संध्याकाळी दिसला असता. कुणी कितीही समजूत घातली तरी हे माझ्या मनातून जात नाही. परक्यांच्या पोरांचे पाय मी वाळवंटात बसून रोज बघत होतो, आणि ज्यांच्या टाचांना तुम्ही तेल दिलंत ते पाय बघायला घरात कुणी शिकलेलं नव्हतं. मी शिकलो होतो, पण सुट्टीत घरी आलो की पाहुणा असायचो. चार दिवस जेवणावळी, चार दिवस सासरवाडी, राहिलेले दिवस घराची कौलं आणि विहिरीची मोटर. बायकोनं मुलांच्या शाळा, बँक, दवाखाने, बांधावरची भांडणं एकटीनं निभावली आणि मला पत्रात फक्त पाऊसपाणी कळवलं. तिचे आभार मी तिच्या समोर बसून मानलेत, ते या पत्रात आणत नाही. वडील 2009 मध्ये गेले. शेवटची काही वर्षं सुट्टीत आलो की त्यांचा उरलेला पाय मीच धुऊन पुसायचो. ते नको म्हणायचे, आणि मग डोळे मिटून बसायचे.

नोकरीचा मला पश्चात्ताप नाही, उस्ताद. पुन्हा जन्म मिळाला तरी बेळगावच्याच गेटातून आत जाईन. पण त्या नोकरीची किंमत मी एकट्यानं चुकवली नाही, हे वर्दीत असताना जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलं नाही. तुम्ही नोकरीत असताना तुमच्या घरी कोण काय सोसत होतं, हे आम्ही रंगरुटांनी तुम्हाला कधी विचारलंसुद्धा नाही. आता विचारतो. वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना सांगा, तुम्ही आमच्यावर घालवलेल्या रात्री त्यांच्या वाट्याच्या होत्या, याची आम्हाला जाणीव आहे.

सध्या सकाळी मी गावच्या पोरांसोबत मैदानावर असतो. सोळाशे मीटरची धाव, बीमला लटकून अंग वर ओढणं, नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी, सगळं तेच. पोरं फाटक्या बुटांनी डांबरावर पळतात आणि नडगी धरून बसतात. मी आधी बूट आणि पाय बघतो, मग घड्याळ लावतो. 2022 पासून अग्निवीर आले. पोरं विचारतात, चार वर्षांत काय हाती लागेल? मला स्वतःला एक काळजी वाटते. सेक्शनमधल्या माणसांना एकमेकांची ओळख पटायला वर्षं लागतात. कोण खोकला लपवतो, कोण बसून झोपतो, हे कळायला सोबत राहावं लागतं. चौघांतला एक पुढे राहणार आणि बाकीचे परत येणार असतील, तर ही ओळख कशी टिकेल? पण भरती व्हायची त्यांची तळमळ खरी आहे, ती मी मोडत नाही. त्यांना शिकवण्यासारखं जे आहे ते मैदानावर शिकवतो.

म्हणून एक विनंती. पाऊस संपला की इकडे या. गुडघ्याचं दुखणं मला माहीत आहे, एसटीनं यायचं नाही, मी गाडी घेऊन येतो. आपल्या बॅचचे कोल्हापूरचे दोघे आणि सांगलीचा तो किराणावाला, तिघंही येतो म्हणालेत. चार दिवस राहा. सकाळी मैदानावर खुर्ची टाकतो, पोरांना तुमच्यासमोर आणतो. बाजरीची भाकरी आणि खर्डा तुम्हाला चालतो हे लक्षात आहे. येताना कोकमाचं तेल आणा, आमच्याकडे ते अजूनही मिळत नाही.

आपला रंगरूट,
सुभेदार (निवृत्त), मराठा लाइट इन्फंट्री
ता. खटाव, जि. सातारा