कायद्याला फाटा देणाऱ्या ‘फाट्या’बद्दल

प्रति,
श्री. स्कॉट कुपोर,
संचालक, ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट,
वॉशिंग्टन डी.सी.

स.न.वि.वि.

तुम्हाला मराठी येत नाही, हे ठाऊक असूनही मराठीत लिहिते आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांचा कारभार सांभाळणाऱ्या तुमच्या खात्याच्या एका मेलमुळे व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या कितीतरी मराठी घरांत त्या आठवड्यात झोप उडाली होती. त्या घरांनी तरी हे वाचावं.

२८ जानेवारी २०२५, मंगळवार. नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता, भाजी गार होत होती. सरकारी नोकरीत त्याला बावीस वर्षं झाली आहेत. मेल वाचून तो म्हणाला, “फिशिंग दिसतंय.” त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या ऑफिसात दरवर्षी याचं ट्रेनिंग होतं. अनोळखी पत्ता, डोक्यावर बसलेली मुदत आणि ‘एवढंच टाइप करून पाठवा’ अशी सूचना दिसली, की हात लावायचा नाही. त्या मेलमध्ये सगळंच होतं. विषय होता ‘फोर्क इन द रोड’, म्हणजे आपल्या भाषेत रस्त्याचा फाटा. इलॉन मस्क यांनी २०२२ मध्ये ट्विटरच्या लोकांना पाठवलेल्या मेलचं शीर्षकही जवळजवळ हेच होतं. वीस लाखांहून जास्त केंद्रीय कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं, की ६ फेब्रुवारीपर्यंत ‘रिझाइन’ असा शब्द लिहून उत्तर पाठवा आणि ३० सप्टेंबरपर्यंत पगार घ्या. पुढे प्रश्नोत्तरांत तुमच्या खात्याने लिहिलं, की या काळात घरी आराम करा, नाहीतर मनात असलेल्या ठिकाणी फिरायला जा. सरकारी कागदावर असं वाक्य मी आयुष्यात प्रथमच वाचलं.

तुम्ही तेव्हा त्या खुर्चीत नव्हता. सिनेटने तुमच्या नावावर जुलैमध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यामुळे मेलचा दोष तुमच्या माथी मारत नाही. पण दप्तर आता तुमच्या ताब्यात आहे, म्हणून विचारते.

मेल आली त्याच दिवशी आमचे सिनेटर टिम केन सिनेटमध्ये उभे राहिले. कामावर न येणाऱ्यांना पगार द्यायची बजेटमध्ये तरतूदच नाही, फसू नका, असं त्यांनी कर्मचाऱ्यांना बजावलं. आमच्या फेअरफॅक्सचे खासदार जेरी कॉनली यांनीही विरोध केला. मे २०२५ मध्ये ते वारले. डेमोक्रॅट खासदारांचा मुद्दा एकच होता: हा अधिकार तुम्हाला कुठल्या कायद्याने दिला आणि पैसा कुठून आणणार?

हा नुसता राजकीय आरडाओरडा नव्हता. या देशात ‘अँटीडेफिशिअन्सी’ नावाचा जुना कायदा आहे. संसदेने मंजूर न केलेला पैसा कुठल्याही अधिकाऱ्याने कबूल करायचा नाही, असं तो सांगतो. जानेवारीत सरकारला मंजूर झालेला पैसा होता १४ मार्चपर्यंतचा, आणि वचन दिलं सप्टेंबरअखेरचं. घरात पगार महिन्याचा येतो आणि नवरा शेजाऱ्याला वर्षभराचं भाडं कबूल करून येतो, तसलाच हा प्रकार. पुढे मार्चमध्ये संसदेने वर्षाची तरतूद केली आणि गाडं पुढे सरकलं. ते तुमच्या खात्याचं नशीब म्हणायचं. दूरदृष्टी नव्हे.

दुसरं, या लोकांना घरी बसवलं ते पगारी प्रशासकीय रजेवर, आणि २०१६ च्या कायद्याने त्या रजेवर वर्षाला दहा कामाच्या दिवसांची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा चौकशीच्या प्रकरणांपुरती आहे, असा अर्थ तुमचं खातं लावतं. असेलही. पण मग आठ महिने रजा देता येते, हे कुठे लिहिलंय ते दाखवा ना!

मला सगळ्यात बोचलं ते वेगळंच. माणसं कमी करायची रीतसर वाट इथे आधीपासून आहे. २००२ पासून कायद्यात स्वेच्छेने जाणाऱ्याला रोख रक्कम द्यायची सोय आहे. बहुतेक खात्यांत तिची कमाल मर्यादा २५ हजार डॉलर. खात्याने आधी आराखडा करायचा, तुमच्याच ऑफिसकडून मंजूर करून घ्यायचा, कुठली पदं जाणार ते सांगायचं. वर्षाला ९० हजार मिळवणाऱ्याला आठ महिने घरी बसवलं तर ६० हजार होतात. म्हणजे २५ हजारांचं कुंपण ओलांडायचं, आराखड्याला फाटा द्यायचा आणि त्याला ‘पगार’ म्हणायचं.

माझा थोरला भाऊ मुंबईत एमटीएनएलमध्ये होता. २०१९ ची व्हीआरएस आली तेव्हा मंत्रिमंडळाने २३ ऑक्टोबरला ती मंजूर केली होती, अर्जाला ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर अशी मुदत होती. झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार, उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. दादाने कालनिर्णयच्या पाठीमागे हिशेब मांडला, वहिनीने तो दोनदा तपासला, मग सही. त्या योजनेवरही टीका झाली, ती आदर्श होती असं मी म्हणत नाही. पण आकडा कोणी ठरवला आणि सही कोणाची, हे दादाला माहीत होतं. माझ्या नवऱ्याकडे मात्र एक मेल होती आणि खाली कोणाचंही नाव नव्हतं.

आता एक कबूल करते. केन यांची भीती, की पैसे बुडवतील, ती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरली नाही. पगार होत राहिले. नवऱ्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ‘रिझाइन’ लिहिलं, त्यांचेही झाले. त्यांचा एक्स्टेन्शन नंबर मात्र नवऱ्याच्या फोनला जोडलाय. दिवसातून चार-पाच फोन त्यांच्या नावाने येतात आणि त्यांचं काम त्याला येत नाही.

पण पगार झाले म्हणजे प्रश्न सुटला का? कर्मचारी संघटना बॉस्टनच्या कोर्टात गेल्या. न्यायाधीश जॉर्ज ओटूल यांनी आधी मुदत थांबवली आणि १२ फेब्रुवारीला स्थगिती उठवली. कारण, संघटनांना थेट झळ बसत नाही, तेव्हा दावा लावायचा त्यांना अधिकार नाही. योजना कायदेशीर आहे असं कोर्ट म्हणालंच नाही. त्याच रात्री दार बंद झालं, तोवर पंचाहत्तर हजारांच्या आसपास लोकांनी होकार दिला होता. पुढच्या फेऱ्या धरून आकडा दीड लाखाच्या वर गेला. जुलैअखेर सिनेटर रिचर्ड ब्लूमेंथॉल यांच्या उपसमितीतल्या अल्पमतवाल्यांनी अहवाल काढला आणि काम न करता दिलेल्या पगाराचा अंदाज १४.८ अब्ज डॉलर मांडला. विरोधकांचा अहवाल आहे, आकडा फुगवलेला असू शकतो. तसं असेल तर तुम्ही तुमचा आकडा मांडा.

माझी मागणी दोन कागदांची आहे. जानेवारीत मेल जायच्या आधी तुमच्या खात्याच्या वकिलांनी लेखी मत दिलं होतं का? दिलं असेल तर ते जसंच्या तसं प्रसिद्ध करा. नसेल तर ‘नव्हतं’ असं सांगा, तेही चालेल. दुसरा कागद हिशेबाचा: कोणत्या खात्यातून किती माणसं या योजनेत गेली, प्रत्येकाला किती दिवस घरी बसवून पगार दिला आणि त्यांच्या जागी पुन्हा किती भरती करावी लागली.

खासदारांना उत्तर द्यायचं नसेल तर निदान कर भरणाऱ्यांना द्या. इंग्रजीत दिलंत तरी चालेल, आमच्या घरात सगळ्यांना वाचता येतं.

आपली,
एक करदाती
फेअरफॅक्स, व्हर्जिनिया