मंडळाची पावती लगेच फाटते, आमची फाईल उघडत पण नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, बीकॉम झाले, एका सीएकडं काम करते आणि मुंबईत होणाऱ्या एका ब्युटी पेजंटच्या स्टेट राऊंडला सिलेक्ट झालीय. घरी सांगितलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच ट्रंकेतनं नऊवारी काढून दिली, ते असू दे. पत्र लिहितेय स्पॉन्सरशिपसाठी.

तीन आठवडे झाले, ऑफिस सुटलं की फाईल घेऊन सराफांची गुजरी, महाद्वार रोड, राजारामपुरी फिरतेय. लोक वाईट नाहीत, चहा सगळीकडं मिळतो, पण फाईल उघडायच्या आधी प्रश्न ठरलेला, 'घरचं कुणी आलं नाही का सोबत?' एका शोरूमच्या मालकांनी बजेटचं पान बघितलंच नाही, फोटो तेवढे दोनदा बघितले आणि म्हणाले संध्याकाळी गर्दी कमी झाली की निवांत या. परत गेले नाही. दुसऱ्या एका काकांनी 'दिवाळी झाल्यावर बघू की बाळ' म्हणून हातावर पेढा ठेवला (स्पर्धा दिवाळीच्या आधीच आहे), तेवढ्यात मंडळाची फुटबॉलची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली तर दोन मिनिटांत पावती फाडून मोकळे. फुटबॉलवर माझा राग नाही, शाहू स्टेडियमला ओरडायला मी पण असते.

ह्याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकलं होतं ना. मी काय ऑलिंपिकला निघाले नाही, माहितीय, घर कुणी गहाण टाकू नका, गाऊनचं भाडं भरा एवढंच म्हणतेय.

एंट्री फी मी पगारातनं भरली, पावती फाईलला आहे. पैसे घेऊन क्राऊन वाटणाऱ्या स्पर्धा पण असतात, त्यामुळं कुणी शंका घेतली तर वाईट वाटत नाही, विचारा, नियम वाचून दाखवते. राहिलं गाऊन, मेकअप, हिल्स, फोटोशूट आणि महालक्ष्मी एक्सप्रेसची दोन तिकिटं, कारण आई येणारच, सगळं मिळून ४० हजार. कॅश मला देऊच नका, बिल थेट त्या त्या दुकानदाराला भरा, जाहिरात खर्चात धरता येतं, हे आमचं रोजचंच काम आहे. सॅशवर, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यावर, दुकानाचं नाव लावता येत नाही, पण रील करीन, नवरात्रात दुकानात येऊन उभी राहीन.

सुश्मिता सेननं १९९४ ला मिस इंडियाला घातलेला गाऊन दिल्लीतल्या साध्या टेलरनं शिवला होता आणि हातमोजे पायमोजे कापून केले होते, हे तिनंच सांगितलंय. गल्लीतल्या टेलरकाकांना हे ऐकवलं तर ते म्हणाले ब्लाउज माझ्याकडनं, शिलाई नको. आतापर्यंत स्पॉन्सर तेवढे एकच.

ट्रॅडिशनल राऊंडला कोल्हापुरी साज घालणार, एक ग्रॅमवालाच. त्यातली एकवीस पानं, म्हणजे पदकं, तोंडपाठ केलीत, दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक-पाचूची दोन आणि शेवटचं डोरलं, स्टेजवर विचारलं तर गुजरीचं नाव मी घेणारच, कुणी पैसे देवो न देवो.

हे छापलंत तर कात्रण फाईलच्या पहिल्या पानावर लावते, म्हणजे 'घरचं कुणी आलं नाही का' विचारलं की तेच पुढं करता येईल.

आपली,
एक स्पर्धक, मंगळवार पेठ, कोल्हापूर